वाढीचे दोन इंच

माणसाच्या आयुष्यात एकच दिवस असा उगवतो, ज्या दिवशी तो धड लहानही असतो आणि पुरता मोठाही असतो. त्या एका दिवशी दोन्ही जगांची दारं त्याला उघडी असतात. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक दार कायमचं लागतं, आणि उरलेला जन्म माणूस त्या दाराकडे वळून वळून बघत काढतो.

हे सत्य मास्तरांना कोणा साधुपुरुषाने सांगितलं नव्हतं. ते त्यांना करमणूक उद्यानाच्या नियमावलीत सापडलं. कलम अकरा: एकशे वीस सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या मुलांना लहानांचं तिकीट. कलम सतरा: 'गरुड' या पाळण्यात बसण्यासाठी उंची किमान एकशे वीस सेंटिमीटर. म्हणजे ज्या मुलाची उंची बरोबर एकशे वीस, ते तिकिटाला लहान आणि गरुडाला मोठं. त्याहून जरा कमी भरलं की गरुड गेला, जरा जास्त भरलं की तिकीट दीडपटीहून महाग.

मास्तरांनी नियमावली तिथेच मिटली. हवं ते मिळालं होतं, पुढची कलमं वाचायचं कारण नव्हतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. शाळेत त्यांच्या बायको होत्या आणि त्यांना सगळे बाई म्हणत. एकाच घरात मास्तर आणि बाई असल्याने नवख्या पालकांचा घोळ व्हायचा. मुलाच्या गणिताची तक्रार घेऊन ते मास्तरांच्या दुकानात शिरायचे आणि जाताना चड्डीचं माप देऊन जायचे. मास्तर दोन्ही शांतपणे ऐकून घेत. गणिताबद्दल त्यांचं मत एकच होतं: पोरगं वाढेल तसं सुधारेल. चड्डीबद्दलही तेच.

गेली सत्तावीस वर्षं ते फक्त शाळेचे गणवेश शिवत होते. दुकान म्हणजे राहत्या घराच्या खालची एक खोली, दोन मशिनं, कापायचं लांबलचक टेबल आणि भिंतीभर टांगलेले बिनबाह्यांचे शर्ट. या धंद्यात त्यांनी एक शिस्त पाळली होती. मुलाचं माप जसंच्या तसं कधी लिहायचं नाही. दोन इंच वाढीचे धरायचे, कापड आत दाबून ठेवायचं, पुढच्या वर्षी उसवून सोडायचं. आज अंगाला नेमका बसणारा गणवेश म्हणजे त्यांच्या लेखी फसवणूक होती. हाताला याची इतकी सवय झाली होती की टेप छातीवरून निघून वहीवर येईपर्यंत दोन इंच वाटेतच मिसळले जात. मास्तरांच्या डोक्याला ते कळतही नसे.

त्यांची मुलगी साडेसात वर्षांची. वर्गात सगळ्यात बुटकी, म्हणून रांगेत कायम पहिली, म्हणून नाव मुंगी. एरवी या नावाचं तिला काही वाटत नसे. पण गेल्या सुट्टीत तिचा मामेभाऊ बोका, जो तिच्याहून सहा महिन्यांनी लहान आणि डोक्याने सहा सेंटिमीटर वर होता, गरुडात बसून आला आणि पुढचे चार महिने त्यातून उतरलाच नाही.

"तुला घेणार नाहीत," तो म्हणाला. "तिथे पाटी आहे. मुंग्यांना बंदी."

मुंगी रडली नाही. ती दुकानात आली, मशिनीशेजारच्या दाराच्या, मास्तरांनी सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या चौकटीला टाच लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माप घ्या. आणि खरं घ्या."

मास्तरांनी घेतलं. एकशे अठरा आणि अर्धा.

"वर्षाला सहा सेंटिमीटर वाढतेस तू," त्यांनी जुन्या वह्या चाळून सांगितलं. मुलीचे सगळे फ्रॉक त्यांनीच शिवलेले असल्याने नोंदी होत्या. "म्हणजे महिन्याला अर्धा. तीन महिन्यांनी बरोबर एकशे वीस."

"मग तीन महिन्यांनी जायचं. शप्पथ?"

"शप्पथ."

शपथ घेऊन झाल्यावर त्यांनी उद्यानाचं दरपत्रक उघडलं. हा क्रम उलटा हवा होता, हे त्यांना मागाहून कळलं.

दरपत्रक म्हणजे एक रंगीत कॅलेंडर होतं. हिरव्या दिवशी मोठ्या माणसाला शंभर. पिवळ्या दिवशी दीडशे. लाल दिवशी सव्वादोनशे. आणि काही दिवस यंदा नव्याने जांभळे झाले होते, त्या दिवशी तीनशे. लहानांना याच्या साठ टक्के. पाळणे तेच, रांगा दुप्पट, पाण्याची बाटलीसुद्धा रंगाप्रमाणे महाग. आधीच्या वर्षी जो दिवस लाल होता तो यंदा जांभळा आणि जो हिरवा होता तो पिवळा, अशी सगळी पंगतच एक पाट पुढे सरकली होती. वर एक ओळ होती: 'आता आनंद अधिक लवचीक!'

"लवचीक म्हणजे काय हो?" मुंगीने विचारलं.

"इलॅस्टिक," मास्तर म्हणाले. "फक्त हे एकाच बाजूला ताणलं जातं."

रात्री जेवताना त्यांनी फोन बाईंसमोर धरला. बाईंनी एकदाच नजर टाकली.

"हिरवे दिवस सगळे शाळेचे दिवस आहेत."

"हो ना. तेच म्हणत होतो. एखाद्या गुरुवारी..."

"अहो, एखाद्या गुरुवारी? मागच्या हिरव्या गुरुवारी माझ्या वर्गात अकरा पोरं आजारी होती. अकराही जणांचं पोट. शुक्रवारी सगळी उन्हाने रापून आली. एकाच्या मनगटावर उद्यानाचा पट्टा तसाच होता. मी त्याला विचारलं, पोट कसं आहे? तर म्हणाला, बाई, दोनदा उलटं झालं." बाईंनी ताट पुढे सरकवलं. "त्या सगळ्यांच्या आयांना मी चिठ्ठ्या पाठवल्यात. आता मीच पोट धरून बसू?"

मास्तरांनी फोन खिशात ठेवला. शिक्षिकेशी लग्न केलेल्या माणसाला हिरवा दिवस दिसतो, मिळत नाही. जगाला जेव्हा सुट्टी तेव्हाच बाईंना सुट्टी, आणि जेव्हा बाईंना सुट्टी तेव्हा सगळं लाल.

तरी त्यांनी हार मानली नाही. पुढचे चार दिवस ते कापड कापता कापता कॅलेंडर चाळत राहिले. मशीन चालवताना पाय खाली, डोळे फोनवर. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. फोन दर वेळी उघडला की रंग बदललेला असे. सकाळी पिवळा दिसलेला शनिवार दुपारच्या चहाला लाल झालेला असे, जणू मास्तर बघतायत हे त्याला कळत होतं. शेवटी सुट्टीच्या अगदी शेपटाला त्यांना एक मंगळवार सापडला. अलीकडे सगळं लाल, पलीकडे शाळेचा हिरवा आणि मधे एकटाच पिवळा. बुधवारी शाळा उघडणार होती.

"आदल्या दिवशी कोण जातंय?" मास्तर आनंदाने म्हणाले. "सगळे घरी बसून वह्यांना कव्हरं घालणार."

"मीसुद्धा घालते," बाई म्हणाल्या.

"आपण सोमवारी घालू."

आणि तो मंगळवार बरोबर तीन महिन्यांवर होता. उंची, सुट्टी आणि रंग एका रेषेत आले होते. ग्रहणाचं गणित मांडणाऱ्यांना जे समाधान मिळत असेल ते मास्तरांना मिळालं.

तिकीट काढायला बसले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दुकानात एक आई मुलाची पँट शिवायला टाकत होती. फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं: 'ही किंमत आणखी फक्त चार मिनिटं.' मास्तरांनी नाव भरलं. बायकोचं नाव भरलं. पोराच्या कमरेला टेप लावली.

"बावीस," ते म्हणाले आणि वहीत चोवीस लिहिलं.

"थोडी सैल ठेवा," आई म्हणाली. "वाढत्या अंगाचा आहे."

"ते काय सांगायचं, वहिनी."

तीन मिनिटं. मुलाचं नाव. मुलाचं वय. मुलाची उंची, पूर्ण सेंटिमीटरमध्ये. मास्तरांनी वहीतलं पान उलटलं, एकशे अठरा आणि अर्धा हा आकडा बघितला, आणि त्यांच्या अंगठ्याने एकशे तेवीस असं लिहिलं. दोन मिनिटं. "खिसे किती?" आईने विचारलं. "दोन पुढे, एक मागे." एक मिनिट. पैसे गेले. पडद्यावर रंगीत फुगे उडाले.

दुपारी बाई घरी आल्या तेव्हा मास्तरांनी तिकिटं मोठ्या रुबाबात टेबलावर ठेवली. बाईंनी ती पेपर तपासावेत तशी वाचली.

"मोठे तीन?"

"दोन मोठे, एक लहान."

"तीन मोठे लिहिलंय. आणि ही एकशे तेवीस कोण?"

मास्तरांनी कागद घेतला, चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. मग ते हळूच खुर्चीत बसले आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. घरात साप निघाल्यावर माणूस ज्या नजरेने त्याच्याकडे बघतो, त्या नजरेने.

"वाढीचे धरले गेले," ते म्हणाले.

 बाईंचे खांदे हलायला लागले. मग त्या टेबलाला धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नशीब, माझ्या तिकिटाला घडी घालून आत नाही दाबलीत!"

मदतीच्या क्रमांकावर मास्तरांनी वीस मिनिटं सनई ऐकली. मग एक तरुण आवाज आला.

"बोला सर, आपल्या आनंदासाठी."

"ताई, माझ्या मुलीची उंची चुकून जास्त पडली."

"किती हवी होती?"

"आहे एकशे अठरा. होणार आहे एकशे वीस. मी टाकली एकशे तेवीस."

"म्हणजे उंची कमी करायची आहे."

"मुलीची नाही हो. कागदावरची."

"सर, सिस्टीममध्ये उंची वाढवता येते. कमी करता येत नाही."

"असं का?"

"मुलं वाढतात ना, सर."

 सत्तावीस वर्षं मास्तर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते.

"आणि तिकीट परत?"

"पिवळं तिकीट परत होत नाही. लाल होतं. तुम्हाला लाल करून देऊ का? फरक भरावा लागेल."

त्या दिवसापासून मास्तरांची झोप उडाली असं म्हणता येणार नाही, कारण ते झोपत होते. पण जागेपणी त्यांना एका जागी बसवेना. कालपरवापर्यंत मुंगी एकशे वीसच्या पुढे केसभरही जाऊ नये म्हणून ते धास्तावले होते. आता पैसे मोठ्या माणसाचे गेले होते आणि मुलगी एकशे वीसला पोचली नाही तर मोठ्यांच्या तिकिटावर तिला लहानांच्या हत्तीत बसावं लागणार होतं. भीती तीच राहिली, फक्त तोंड फिरवून बसली.

त्यांनी आठवड्याला माप घ्यायला सुरुवात केली. मग दर तीन दिवसांनी. मुंगी चौकटीला टाच लावायची, मास्तर डोक्यावर पट्टी आडवी धरायचे आणि आकडा वाचायच्या आधी बाईंना हाक मारायचे. त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता.

"तू वाच."

"एकशे एकोणीस."

"नक्की?"

"अहो, मी आकडे वाचायचा पगार घेते."

मुंगीने दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळायला सुरुवात केली. दूध मुकाट्याने संपू लागलं. पाठ ताठ ठेवून चालायची, त्यामुळे शाळेत दोघांना वाटलं तिची मान अवघडलीय. आठव्या आठवड्यात तिला ताप आला आणि आकडा एकोणीस पूर्णांक तीनवर अडकून बसला. सतरा दिवस हलला नाही. मास्तर मापाची वही उघडायचे, मिटायचे, मशिनीवर बसायचे, उठायचे, पायऱ्या चढून वर जायचे आणि मुलीच्या डोक्याकडे बघून खाली यायचे.

"रोज रोज असं बघू नका तिच्याकडे," बाई म्हणाल्या. "पोरीला वाटेल तिचं काहीतरी चुकतंय."

"चुकलं माझं."

"मग आरशात बघा."

याच काळात तो मंगळवार आधी लाल झाला आणि मग जांभळा. सुट्टीचा शेवटचा दिवस, लोक घरी कव्हरं घालत बसणार, हा शोध मास्तरांसारख्याच आणखी काही हजार हुशार लोकांना लागला होता. जांभळ्या दिवशी लहानांचं तिकीट एकशे ऐंशी. मास्तर धावतच वर गेले.

"ऐक! आपण मुंगीचे दीडशे भरले. आज लहानाचेच एकशे ऐंशी आहेत. म्हणजे मी चुकलो तरी आपण तीसने फायद्यात!"

"कुठे ठेवलाय तो?"

"कोण?"

"फायदा. दाखवा, डाळ आणायचीय."

मंगळवारी सकाळी साडेसहाला मुंगी चौकटीला उभी राहिली. पट्टी बाईंनी धरली, आकडा बाईंनी वाचला. मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

"एकशे वीस."

"पूर्ण?"

"पूर्ण. नखभर कमी नाही, जास्त नाही."

मास्तरांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली, रुमालासारखी. कुठेही जाताना ती खिशात असे, त्यात विशेष काही नव्हतं.

उद्यानाच्या फाटकावर तीन माणसांची तिकिटं यंत्राने तीन वेळा 'टुक' करून घेतली. उंची कोणी विचारली नाही. मुंगी सरळ पळत सुटली आणि आईबाप तिच्यामागे. गरुडाच्या रांगेत ते सव्वानऊला लागले. रांग लोखंडी कठड्यांमधून सहा वेळा वळत होती. दर वळणावर 'इथून फक्त एक तास' अशी पाटी होती. तिसऱ्या वळणावरही एक तासच होता. वरून पाळणा किंचाळ्या घेऊन जायचा आणि मुंगी मान उंच करून बघायची. अकराच्या सुमारास त्यांचा नंबर आला.

फाटकाशी पिवळ्या टोपीतला, पिकलेल्या मिशांचा एक मोजणीवाला उभा होता. त्याच्याशेजारी खांबाला लोखंडी फलक बसवला होता आणि त्यातून गरुडाचा एक पंख आडवा बाहेर आला होता. ज्याचं डोकं पंखाला लागेल तो आत. मुंगी चपला काढून पंखाखाली ताठ उभी राहिली. पंख आणि डोकं यांच्यात बोटभर फट होती.

"पुढच्या वर्षी ये हं, बेटा," मोजणीवाला म्हणाला.

"मी एकशे वीस आहे," मुंगी म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"आई म्हणते. सकाळीच मोजलंय. दाराला."

"दार तुमचं, फलक आमचा."

"पुन्हा मोजा," मास्तर म्हणाले. त्याने पुन्हा मोजलं. बोटभर फट जागच्या जागी होती.

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. पट्टी बाईंनी धरली होती, आकडा बाईंनी वाचला होता. पण चौकटीवरच्या खुणा कोणी केल्या होत्या? याच हाताने. तिथेच तर काही मिसळलं गेलं नसेल? मुंगी त्यांच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, आणि तेच त्यांना बघवेना. त्यांनी खिशातून टेप काढली, एक टोक मुलीच्या टाचेशी बुटाने दाबलं आणि दुसरं वर ओढलं.

"वाच," ते बाईंना म्हणाले.

"एकशे वीस," बाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात.

मग मास्तर फलकाकडे वळले. टेपचं टोक जमिनीला लावलं आणि पंखापर्यंत नेलं.

"एकशे एकवीस आणि अर्धा."

"अहो काका," रांगेतून कोणी ओरडलं, "गरुडाला सदरा शिवताय का?"

"बाहीचं माप राहिलं! तेही घ्या आणि पुढे सरका!"

मास्तरांनी मान वळवली नाही. सत्तावीस वर्षांत त्यांनी कोणाचं माप कमी लिहिलं नव्हतं. "तुमचा पंख दीड सेंटिमीटर वर आहे," ते मोजणीवाल्याला म्हणाले. "या टेपला खोटं ठरवायचं तर दुसरी आणा."

मोजणीवाल्याने दुसरी आणली नाही, साहेबांना आणलं. साहेब निळ्या कोटात होते आणि त्यांच्या खांद्यावर एक यंत्र सारखं खरखरत होतं. त्यांनी टेप बघितली, पंख बघितला, खाली वाकून जमीन बघितली.

"इथली चटई कुठाय?"

"धुवायला गेलीय," मोजणीवाला म्हणाला. "रबराची. आठ दिवस झाले."

"जाडी किती होती?"

मोजणीवाल्याने बोटांनी जाडी दाखवली. दीड सेंटिमीटर. गेले आठ दिवस चटईच्या जाडीपुरती कमी पडलेली सगळी मुलं घरी परत गेली होती.

साहेबांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "तुमचं शंभर टक्के बरोबर आहे."

"मग हिला सोडा आत."

"तुमचं बरोबर आहे म्हणूनच नाही सोडता येत." साहेब खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी बोलले. वरचा पाळणा शेवटची फेरी मारून खाली आला आणि थांबला. "सुरक्षेचं साधन सदोष आढळलं तर पाळणा बंद ठेवायचा. कलम एकतीस."

"अहो पण ते उलट जास्त कडक होतं! एकही बुटकं पोर आत गेलेलं नाही!"

"मान्य. पण सदोष ते सदोष."

मास्तर कलम सतरापर्यंतच वाचून थांबले होते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. बाईंना त्यांनी ते सांगितलं नाही.

रांगेत तीनशे माणसं होती आणि बातमी एकेक वळण घेत मागे पोचायला चार मिनिटं लागली. पुढे कोणीतरी चूक काढली, हे तिसऱ्या वळणावर कोणीतरी आपटलं झालं आणि सहाव्या वळणावर शिंप्याने गरुड बिघडवला एवढंच उरलं. रांगेतल्या एका काकूंनी मुंगीकडे बघून "एवढीशी आहे आणि बघा" असं म्हटलं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या काकू पुढच्या मिनिटाला आपणहून सरळ रांगेत उभ्या राहिल्या.

फलक खाली घ्यायला वरून परवानगी लागत होती. चटई आणायला लागत नव्हती. म्हणून चटई आणायला माणूस गेला. एक वाजता चटई आली, पण ओली. ओल्या चटईवर पाय घसरू शकतो, म्हणजे तीही सदोष. मग ती कठड्यावर उन्हात टाकली. बाईंनी सावलीतला बाक धरला, डबा उघडला. मुंगी लहानांच्या हत्तीत बसायला तयार होईना. मास्तर बाकावर दोन मिनिटं बसायचे आणि उठायचे. चटईकडे जायचे, हाताने चाचपायचे, उलटी करायचे, परत यायचे. चौथ्यांदा गेले तेव्हा मोजणीवाला म्हणाला, "मास्तर, इस्त्री असती तर बरं झालं असतं, नाही?" आणि दोघं मिळून चटई झटकू लागले.

"बाबा," परत आल्यावर मुंगीने विचारलं, "मी एकशे वीस आहे ना? खरी?"

"खरी आहेस. त्यांनीही कबूल केलं."

"वाढीचे धरून नाही ना?"

"नाही गं."

"मग चिडता कशाला?"

"चिडलो नाही. बस सहाची आहे."

सव्वाचारला चटई वाळली. साहेबांनी मास्तरांच्याच टेपने पंख पुन्हा मोजला, एका कागदावर सही केली, मास्तरांची साक्षीदार म्हणून घेतली, आणि त्यांचं नाव, पत्ता, धंदा लिहून घेतला. मुंगी चटईवर उभी राहिली. पंख तिच्या केसांना लागला, केस दबले, डोक्याला लागला.

"जा," मोजणीवाला म्हणाला.

ती आणि मास्तर शेजारी शेजारी बसले. पट्टे आवळले गेले. गरुड वर गेला, थांबला, सगळं गाव एकदा खाली दाखवलं, आणि सुटला. मास्तरांचा चष्मा एका हातात, मुलीचा हात दुसऱ्या हातात, आणि स्वतःचा जीव कुठे होता ते त्यांना मागाहूनही सांगता आलं नाही. मग एक हिसका बसला आणि समोर पुन्हा तोच मोजणीवाला उभा होता.

"संपलं?" मुंगीने विचारलं.

"बावन्न सेकंद," तो म्हणाला.

बाकाशी आल्यावर मुंगी बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

"छान होतं," ती शेवटी म्हणाली. "वर खूप वारा होता. पण एवढंसंच असतं, हे बोक्याला सांगू नका."

"अगं, बोक्याला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तोही बसलाय ना."

"मग तो का नाही बोलला?"

बाईंनी डबा पिशवीत भरला. मास्तरांनी बसची वेळ पुन्हा बघितली.

तीन आठवड्यांनी उद्यानाचं पत्र आलं. मास्तरांच्या जागरूकतेबद्दल व्यवस्थापनाने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले होते. त्यांच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन, उंचीच्या मोजमापावरून तिकिटांबाबत पुढे कोणताही वाद उद्भवू नये म्हणून, येत्या हंगामापासून लहानांचं तिकीट बंद करण्यात येत असल्याचं त्यात कळवलं होतं. आता सगळ्यांना एकच दर आहे, मोठ्यांचा.